बेटावर पाठवलेला मामा

तीर्थस्वरूप पंचफुलाबाईच्या पायांवर शेंडेफळ मारोतीचा दंडवत. (दंडवत कागदावरच मानून घे. इथल्या जमिनीवर मुंगळे इतके आहेत की आडवा पडलेला माणूस अख्खा उठेल याची हमी नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? निरगुडीच्या पाल्याचा शेक घेतेस, की डॉक्टरवरचा राग गुडघ्यांवर काढतेस? भाऊजींचं बीपी काय म्हणतं, आणि ते अजून टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देतात का? मी इकडे सुखरूप आहे. इतका सुखरूप आहे की माझी मलाच शंका येऊन राहिली आहे. शेलूबाजारच्या दुकानात बसून मी असा सुखरूप कधी नसतो.

फोन का केला नाही म्हणून तू रागावली असशील. बाई, इथं आल्या आल्या सगळ्यांचे फोन एका मडक्यात टाकून घेतले आणि मडक्यावर झाकणी ठेवून त्यावर दगड ठेवला. पहिल्या दिवशी ते मडकं पोटात वाटाणे शिजल्यासारखं थरथरत होतं. आता सगळ्यांच्या बॅटऱ्या संपून गप्प आहे. म्हणून हे पत्र इंद्रभानच्या हाती देतो. तो इथला तराफेवाला. मासळी विकायला उद्या वाशीमला जाणार आहे. कागदाला वास आला तर तो माझा नव्हे.

आता तुझ्या कामाचं. तुझ्या संस्कृतीच्या मनात जो पोरगा आहे, तो पुण्याची कंपनीतली नोकरी सोडून धरणाच्या पाण्यातल्या एका टेकडीवर झाडं लावत बसला आहे, हे कळल्यापासून तुझ्या घरात वरणालाही उकळी येत नव्हती. तू मला बोलावून सांगितलंस, मारोती, तू जा, नाव न सांगता राहा, पोरगा आतून पाहून ये, तू नाही म्हटलंस तर नाही. (नाहीच म्हण, हे तू बोलली नाहीस; चहात साखर जास्त घालून कळवलंस.) भाऊजींनी तर पुण्याच्या दुसऱ्या, नोकरी न सोडलेल्या मुलाच्या घरच्यांना येत्या रविवारी पोह्यांना बोलावूनही टाकलं. आणि संस्कृतीनं मला दारापर्यंत पोचवताना एवढंच म्हटलं, "मामा, तुमी खोटं बोलता, पण लबाड नाई. तुमी म्हनसान ते मले मान्य." त्या पोट्टीनं असं म्हणायला नको होतं. माणसाच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवून त्याला तराफ्यावर चढवू नये.

तर मी 'शाश्वत जीवन शिबिर' या नावाखाली इथं दाखल झालो. पत्रकात लिहिलं होतं, 'वनाच्छादित बेटावर निसर्गासोबत जगायला शिका.' काठावरच्या गावात विचारलं तर बेट कोणालाच ठाऊक नाही. एक म्हातारा बराच वेळ विचार करून म्हणाला, टेकडी म्हनता का? पानी नवतं तवाबी टेकडीच होती, आता पानी हाये तरी टेकडीच हाये. मी नाव सांगितलं वसंतराव काळे, निवृत्त पोस्टमास्तर, कारंजा. (पोस्टमास्तर यासाठी, की त्या माणसाला कोणी काही विचारत नाही. माझा अंदाज चुकला. शिबिरात नागपूरची एक बाई आहे, तिचं एक पार्सल कधीतरी हरवलं होतं. ती मला जेवतानाही सोडत नाही.)

शाश्वत जीवनाकडे आम्हांला नेलं ते थर्मोकोलच्या तराफ्यावरून. मोठाल्या ठोकळ्यांना जाळं गुंडाळलेलं, वर एक फळी, फळीवर मी, आणि मागे इंद्रभान बांबू टोचत उभा. मी आयुष्यभर थर्मोकोलच्या पत्रावळी विकल्या, पण त्यांच्यावर बसायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. भीतीनं मी डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले, आणि बाई, काय सांगू. सकाळ नुकतीच उजाडत होती. पाण्यावरून वाफ निघत होती, आणि त्या वाफेत बुडालेल्या झाडांचे शेंडे उभे होते, प्रत्येक शेंड्यावर एकेक पाणकावळा पंख पसरून, जसा एखादा काळा कोट वाळत घातला आहे. टेकडी पुढं होती पण ती पाण्याला टेकलेली दिसत नव्हती, वाफेवर ठेवल्यासारखी दिसत होती. खाली पळस पेटलेला, वर साग उघडानागडा. बांबू पाण्यातून निघाला की थेंबांचा आवाज व्हायचा, एवढाच काय तो आवाज. इंद्रभाननं विचारलं, "पोयता येते का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मंग हालू नका." या एका वाक्यात जे शाश्वत जीवन आहे ते पुढच्या कोणत्याही व्याख्यानात मला सापडलं नाही.

उतरल्यावर एका मुलीनं टोपली पुढं केली. अंगावरचं सगळं प्लास्टिक यात टाका. आता तूच सांग, प्लास्टिकच्या दुकानदाराच्या अंगावर दुसरं काय असणार? कंगवा गेला, दाढीचा ब्रश गेला, चष्म्याचं घर गेलं, चपला गेल्या. शर्टाच्या गुंड्यांवर चर्चा झाली आणि लोकलाजेस्तव त्या राहिल्या. मी मात्र तेव्हापासून तोंड मिटून होतो, कारण माझा समोरचा दात कशाचा आहे हे तुला माहीत आहे. सगळ्यांना वाटलं, हे गृहस्थ मौनात आहेत. पहिल्या दिवशी माझी छाप पडली ती अशी.

मग शिकवणी सुरू झाली. शिकवणारा हाच, संस्कृतीचा शिवम. उंच आहे, थोडा वाकलेला, हनुवटीवर दाढी आहे पण ती ठेवलेली वाटत नाही, राहून गेल्यासारखी वाटते. बोलायला लागला की पुण्याची कंपनी बोलते. 'आपला मातीशी असलेला संवाद' वगैरे. मी मनात म्हटलं, झालं, हा संवादवाला निघाला. आपल्या बाईला आजच नकार कळवावा. राखेनं भांडी कशी घासावी हे त्यानं आम्हांला समजावून सांगितलं, चित्रं काढून. (आपल्या मायनं मला हे एका फटक्यात शिकवलं होतं, चित्राशिवाय.) खड्ड्याच्या संडासावर तर त्याचं इतकं प्रेम आहे की ते ऐकताना नागपूरची बाई पार्सल विसरली.

पण दुपारी त्यानं आम्हांला मातीची भिंत घालायला लावली. माती, भुसा, शेण, पाणी, सगळं पायांनी तुडवायचं. तुडवलं. थर चढवले. भिंत कमरेइतकी झाली आणि आमच्यासमोर, काही एक कारण न देता, खाली बसली. जशी एखादी दमलेली बाई उसासा टाकून बसते, तशी. शिबिरातले लोक त्याच्याकडे पाहू लागले. तो हसला, कपाळाला मातीचा हात लावून म्हणाला, "ही तिसऱ्यांदा पडली. भुसा कमी पडून राह्यला बहुतेक," आणि उकिडवा बसून पुन्हा माती मळायला लागला. ना कोणावर खेकसला, ना थर देणाऱ्याला बोल लावला. बाई, तुला आठवतं, भाऊजींचा टीव्ही बंद पडला तेव्हा ते किती दिवस कोणाशी बोलले नव्हते? आणि टीव्ही काही त्यांनी स्वतः बांधलेला नव्हता. मी तुझा भाऊ आहे, भाऊजींचा मान राखून सांगतो, पण ज्याची भिंत पडते आणि ज्याचा चेहरा पडत नाही, असा जावई आपल्या घराण्यात अजून आलेला नाही.

यानंतर माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. सध्या मोह गळतो आहे. पहाटे झाडाखाली फुलं पडतात, टपटप नाही, त्याहून हळू. कोणीतरी शेजारच्या खोलीत मणी ओवत असावं तशी. सगळ्या टेकडीला गोड, थोडा आंबूस वास सुटतो. शिवमची आजी, धुरपताबाई, टोपली घेऊन खाली बसते आणि वेचत राहते. मी दुपारी त्याच झाडाखाली आडवा झालो होतो. पोटावर एक फूल पडलं. उचलून टाकायला हात गेला, आणि हात मध्येच राहिला. दुसरं पडलं. पानांतून ऊन खाली येत होतं आणि हलत होतं, पाणी कुठंतरी दगडाला लागत होतं, आणि मला माझं दुकान दिसलं, पण ते दुसऱ्या कोणाचं तरी असावं असं, लांब, पाण्याच्या पलीकडं. बादल्या एकात एक घातलेल्या, लाल, निळ्या, हिरव्या, त्यांची चळत वर वर जात होती, आणि मग तिचं झाड झालं आणि त्या झाडाला पाणकावळे येऊन बसले. जागा झालो तेव्हा पोटावर पसाभर फुलं होती आणि धुरपताबाई ती माझ्या अंगावरून वेचून टोपलीत टाकत होती, जणू मी जमीनच आहे. मी हललो नाही. इंद्रभाननं सांगितलंच होतं.

तरी कर्तव्य विसरलो नाही. संध्याकाळी पाण्याच्या कडेला शिवम एकटा कुदळ धूत बसला होता, तिथं जाऊन सहज विचारावं तसं विचारलं, की बाबू, इथं एकटाच राहणार काय, लग्नाबिग्नाचं काही? तो म्हणाला, एक मुलगी आहे, वाशीमला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत. तो टेकडीची माती तपासायला घेऊन गेला होता, तिनं म्हणे अहवालासोबत अर्धा तास रागावून घेतलं, की एवढी चांगली माती असून तुम्ही तिला खायला काही देत नाही. (संस्कृती असंच रागावते. तुझ्यावर गेली आहे.) मी म्हटलं, आणि ती पोरगी इथं येऊन चुलीच्या राखेनं भांडी घासणार? तेव्हा त्यानं कुदळ पुन्हा पाण्यात बुडवली. म्हणाला, "तिची नोकरी तिकडं हाये, ते ती कायले सोडन? पावसायात पानी चढते, तवा मी तिकडं राहीन. पानी उतरलं का सुटीले ती इकडं. पान्याचं जसं, तसं आमचं." मग कुदळीवरचं पाणी झटकून म्हणाला, "तिच्या मामांची मात्र भीती हाये. प्लास्टिकचे मोठे व्यापारी हायेत म्हनते. त्यांले माहं हे सारं येडेपन वाटन. पन त्यांच्यासाठी काई मी बादलीले चांगली म्हननार नाई." मी पोस्टमास्तर असल्यामुळे गप्प राहणं भाग होतं. सूर्य पाण्यात अर्धा गेला होता. खरं सांगतो, त्या वेळी मला ते वाक्य झोंबलं नाही, मोठे व्यापारी एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याकडं बघत बसलो होतो, की आता आपण जगापासून तुटलो, मागे वाट नाही, पुढे वाट नाही, माणूस आणि वनस्पती एवढंच काय ते उरलं. तेवढ्यात टेकडीच्या मागून फटफट आवाज आला आणि मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना लावून एक गृहस्थ माझ्या पुढ्यात येऊन थांबला. त्यानं मला राम राम केला. मी त्याला विचारलं, तुम्ही पाण्यावरून आलात? तो म्हणाला, रस्त्यावरून. गव्हाला कालव्यानं पाणी सोडलं की धरण उतरतं, आणि मागच्या अंगानं टेकडी सरळ गावाला जोडलेली असते. बैलगाडी येते, लग्नाचं वऱ्हाडही येईल. मी शिवमला गाठून जाब विचारला, की मग आमचा जीव थर्मोकोलवर का ठेवला? तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, शिबिरार्थींना बेटावर आल्यासारखं वाटावं म्हणून. बाई, पोरगा अगदीच भोळा नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. दुकान चालवायला एवढी अक्कल पुरते.

आता मुख्य अपघात ऐक. काल संध्याकाळी समारोप झाला. प्रत्येकाला एक रोपटं मिळालं, टाळ्या झाल्या. मागच्या वाटेनं गावातली बरीच माणसं आली होती, बायकाही. मला वाटलं, कार्यक्रम पाहायला आली. तेवढ्यात धुरपताबाई ताट घेऊन आली ती सरळ माझ्यापुढं. ताटात कुंकू, नारळ, पांढरी टोपी, दस्ती आणि वाटीत साखर. तुला माहीत आहे, दरवर्षी पंधरा ऑगस्टला मी ग्रामपंचायतीला खुर्च्या फुकट देतो, पण आजवर माझ्या डोक्यावर कोणी टोपी ठेवली नाही. मी समजलो, उत्कृष्ट शिबिरार्थी म्हणून सत्कार आहे. माझं मौन कामी आलं. मी डोकं वाकवलं. तिनं कुंकू लावलं, टोपी घातली, खांद्यावर दस्ती टाकली, नारळ हातात दिला, आणि म्हणाली, तोंड उघडा. मी दातासकट उघडलं. तिनं साखर घातली.

एवढ्यावर थांबलो असतो तर काही मार्ग निघाला असता. पण सत्काराला उत्तर द्यावं लागतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की आपण जे दिलं ते मी दोन्ही हातांनी घेतलं, आजपासून मी तुमच्यातलाच एक आहे, आणि ही जबाबदारी मी शेवटपर्यंत निभावीन. गावातल्या बायकांनी ताट वाजवलं. कोणीतरी शिवमला पुढं ढकललं आणि तो माझ्या पाया पडला. नागपूरची बाई रडू लागली (तिला काय कळलं देव जाणे, बहुतेक पार्सल मिळालं असं वाटलं असावं). आणि इंद्रभान माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मंग मामा, तारीख कोनती धरता?"

मामा म्हटल्यावर माझ्या पायाखालची टेकडी हलली. कुंकू, टोपी-दस्ती, साखर, आणि ती नवऱ्या मुलाच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या हातून नवरीच्या मामाला. आपल्याकडे सोयरीक पक्की व्हायला याहून दुसरं काय लागतं, बाई? कागद नाही, भटजी नाही, मामानं साखर गिळली की पोरगी दिली. मी धुरपताबाईला बाजूला घेऊन म्हटलं, मावशी, तुम्ही मला ओळखता कसं? ती म्हणाली, "अवो, पयल्याच दिशी वयखलं. माही बादली तुमच्याच दुकानची हाये, अन् ते दुकान पोरीच्या मामाचं हाये हे पोट्ट्यानं सांगतलं होतं. कडी निघाली तिची, महिनाबी नाई झाला. आता कोंबडी अंडे देते त्यात." मी म्हटलं, मग बोलल्या का नाहीत? म्हणाली, "तुमी पोस्टमास्तर व्हयले होते, मी काहून मोडू? पोट्ट्यालेबी सांगतलं होतं, का तू आहे तसाच राह्य." म्हणजे बादलीबद्दलचं ते वाक्य त्यानं मला, मला ओळखून, तोंडावर सुनावलं होतं. आणि मोठे व्यापारी हेही.

तर बाई, असं आहे. तू मला नकार आणायला पाठवलंस आणि मी टोपी घेऊन येतो आहे. आपल्या घराण्यात दिलेला शब्द परत घेतला असं आजोबांपासून घडलं नाही, आणि गिळलेली साखर तर कोणालाच परत देता येत नाही. माझ्याकडून चूक झाली, अनवधानानं झाली, सत्काराच्या मोहात झाली; तू मोठी आहेस, पोटात घाल. भाऊजींना हे पत्र बातम्या सुरू असताना वाचून दाखव, म्हणजे ते उत्तर टीव्हीला देतील.

तुझ्या पायांची धूळ (इथं ती भरपूर आहे),
मारोती

ता. क. रविवारच्या पाहुण्यांना आजच नाही म्हणून कळव. कारण विचारलं तर सांग, मुलीचा मामा चहूबाजूंनी पाण्यानं वेढला गेला आहे. मागच्या वाटेचं बोलू नकोस.

आणखी ता. क. संस्कृतीच्या लग्नासाठी म्हणून मी थर्मोकोलच्या पत्रावळींची थप्पी गोदामात अगोदरच भरून ठेवली होती. जावईबापू ती पंगतीत बसू देणार नाहीत. ती थप्पी इंद्रभानला दुसऱ्या तराफ्यासाठी देऊन टाकतो. पण मग हजार माणसांना जेवायला पानं कशाची? इथं पळस मोप आहे. पानं तोडतो मी, पण टाचायची कशी ते विसरलो. गवताच्या काडीनं टाचलेली तुझी पत्रावळ आमटीचा थेंब खाली सोडत नसे, हे आठवतं. तेव्हा खरं मागणं हे, की तू ये. गुडघ्यांची काळजी नको, दूधवाला मागच्या वाटेनं मोटारसायकलवर आणून सोडेल. मोह गळतो आहे तोवर ये. झाडाखाली तुझ्यापुरती जागा धरून ठेवली आहे.

शेवटचं ता. क. वर 'अनवधानानं' लिहिलं आहे ते खोडणार होतो, पण भाऊजी वाचतील म्हणून राहू दिलं. बाई, आपल्या भावकीत किती सोयरिकींत मी बसलो असेन. ताट दुरून येताना दिसलं तेव्हाच वाटीत साखर आहे हे मी पाहिलं होतं. मला कळलं होतं. पाण्यावर पुन्हा वाफ धरत होती, पोरगा मागं मातीचे हात घेऊन उभा होता, आणि माझं डोकं वाकलं ते मी वाकवलं. संस्कृतीला सांग, भाषणात मामा एक शब्दही खोटा बोलला नाही. नाव तेवढं खोटं सांगितलं होतं, तेही कोणी खरं मानलं नाही. टोपी अजून डोक्यावर आहे. कोणी विचारलं तर ऊन लागतं म्हणतो.